धिंड कोणाची काढता?

अनवाणी, अर्ध्या चड्डीतली, लंगडत चाललेली चार पोरे; मागे-पुढे काठ्या परजणारे पोलीस; गॅलऱ्यांतून मोबाइल उंच धरलेले सज्जन नागरिक. ज्या गल्लीत काल रात्री या पोरांनी कोयते नाचवून उभ्या गाड्यांच्या काचा फोडल्या, त्याच गल्लीतून आज त्यांची धिंड. संध्याकाळपर्यंत चित्रफीत गावभर होते. खाली मथळा ठरलेला: 'माज उतरवला', 'मस्ती जिरवली'. लोक खूश, ठाण्याचे साहेब खूश, पालकमंत्री तर फारच खूश. पुण्यात हे दृश्य आता पोवाड्याइतके सवयीचे झाले आहे आणि ते पाहून ज्यांचे रक्त सळसळते त्यांना आमचा एकच साधा सवाल आहे. पुढे काय झाले? त्या पोरांवर आरोपपत्र कधी दाखल झाले, खटला कुठवर आला, साक्षीदार टिकले का, शिक्षा किती जणांना लागली? आणि त्या पोरांच्या हातात कोयते देणारा, रात्रीच्या दारूचे पैसे देणारा, पकडल्यावर जामीनदार उभा करणारा 'भाऊ' त्या धिंडीत कितव्या रांगेत होता?

तो धिंडीत नव्हता. तो कधीच नसतो.

धिंडीला कायद्यात आधार काय, हेही कोणी विचारत नाही. आरोपीला गरज नसताना बेड्या घालणेसुद्धा व्यक्तिप्रतिष्ठेवर घाला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच बजावले. पण न्यायालयाचा निकाल वाचायला वेळ लागतो, चित्रफीत पाहायला अर्धे मिनिट पुरते. गृहखात्याने हे गणित अचूक ओळखले आहे.

या कारवायांचा हिशेब एकदा मांडू. ५ जानेवारी २०२४ रोजी कोथरूडच्या सुतारदऱ्यात भरदिवसा गुंड शरद मोहोळचा खून झाला, तोही त्याच्याच गोटात वावरणाऱ्या पोरांकडून. शहर हादरले. नवे पोलीस आयुक्त आले आणि फेब्रुवारीत त्यांनी दोनशेहून अधिक गुंडांना आयुक्तालयात रांगेत उभे करून तंबी दिली. रील बनवू नका, दहशत माजवू नका, शहाण्यासारखे राहा. टाळ्या झाल्या. त्या रांगेत गजा मारणे होता, निलेश घायवळ होता. आता पुढचे ऐका. वर्षभराने, फेब्रुवारी २०२५ मध्ये, मारणे टोळीच्या पोरांनी कोथरूडमध्ये आयटी कंपनीतल्या एका तरुण कर्मचाऱ्याला शिवजयंतीच्या दिवशी मारहाण केली. मारणेला मोक्काखाली अटक झाली आणि सांगलीच्या कारागृहात नेताना पोलिसांनीच त्याला वाटेतल्या ढाब्यावर मटण बिर्याणी खाऊ घातली. पोलीस निलंबित झाले, बिर्याणी पचली. घायवळ तर पासपोर्ट खिशात घालून त्याच वर्षी परदेशी निघून गेला. अंगावर मोक्काचे गुन्हे असलेला माणूस विमानतळावरून सुखरूप उडतो आणि त्याच सुमारास उघड होते की पोलीस आयुक्तालयाने नाकारलेला त्याच्या भावाचा शस्त्रपरवाना खुद्द गृहराज्यमंत्र्यांनी अपिलात मंजूर केला होता! पोलिसांनी तरीही परवाना हातात दिला नाही, एवढेच पुणेकरांचे नशीब. आणि नाना पेठ? १ सप्टेंबर २०२४ रोजी तिथे माजी नगरसेवक वनराज आंदेकरचा खून झाला; वर्षभराने, ५ सप्टेंबर २०२५ रोजी, ऐन गणेशोत्सवाच्या बंदोबस्तात, त्याच खुनातील एका आरोपीच्या कोवळ्या मुलाला गोळ्या घालण्यात आल्या. कोम्बिंग ऑपरेशन, ऑल आउट ऑपरेशन, नाकाबंदी, हद्दपारी सगळे चालू होते. कागदावर.

यापूर्वीचा एक देखावा तर विसरताच येत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये हाच मारणे तळोजा कारागृहातून सुटला तेव्हा द्रुतगती मार्गावरून शेकडो गाड्यांचा ताफा पुण्याकडे निघाला. सारा महाराष्ट्र त्या मिरवणुकीवर संतापला, मिरवणुकीबद्दल गुन्हे नोंदवले गेले, अग्रलेख लिहिले गेले. पण तो सुटला कसा, याचा संताप कितीजणांना आला? तो जामिनावर आला नव्हता की पळून आला नव्हता. खुनाच्या खटल्यांत तो निर्दोष सुटला होता. वर्षानुवर्षे कोठडीत ठेवलेल्या आरोपीविरुद्ध न्यायालयात टिकेल असा पुरावा पोलीस उभा करू शकले नाहीत, ही खरी बातमी होती. त्या ताफ्यात नाचणारी पोरे कायद्याच्या पराभवाचा विजयोत्सव करत होती आणि पराभव झाला होता तपासाचा.

आमच्याकडे टोळ्यांवरच्या कारवाईचे यश मोजण्याची मापे तीनच: किती मारले, कितींची धिंड काढली, कितींना मोक्का लावला. मोक्का लावला म्हणजे खटला जिंकला, असा समज पत्रकारांचाही झाला आहे. मोक्काच्या शंभराव्या कारवाईची बातमी केक कापल्याच्या थाटात येते. त्या शंभरांपैकी शिक्षेपर्यंत किती गेले, हे सांगणारी पत्रकार परिषद कोणा आयुक्ताने घेतल्याचे आमच्या तरी स्मरणात नाही.

मारण्याचा इतिहास मुंबईने लिहिला. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात मन्या सुर्वे मारला गेला. १६ नोव्हेंबर १९९१ रोजी लोखंडवाला संकुलातल्या स्वाती इमारतीला वेढा घालून माया डोळस, दिलीप बुवा यांच्यासह सात जणांना पोलिसांनी टिपले. दोन्हींवर पुढे चित्रपट निघाले. १९९५ ते ९७ या काळात मुंबईत ९९ चकमकी होऊन १३५ च्या आसपास माणसे मारली गेल्याचा तपशील पुढे सर्वोच्च न्यायालयासमोर आला. फौजदारांच्या नावापुढे त्यांनी मारलेल्यांचा आकडा पदवीसारखा लावला जाऊ लागला. बायकापोरांना घेऊन राहणाऱ्या, दर महिन्याला खंडणीचे फोन घेणाऱ्या व्यापाऱ्याला तेव्हा हायसे वाटले, हे आम्ही नाकारत नाही. गुलशनकुमारांना १९९७ मध्ये देवळाच्या दारात गोळ्या घालणाऱ्यांचा तो काळ होता. त्याच वर्षी जानेवारीत दत्ता सामंतांचा देह पवईच्या रस्त्यावर कोसळला होता. भीती खरी होती. पण उपाय?

लोखंडवालाच्या त्या शौर्यानंतर जेमतेम सोळा महिन्यांनी, १२ मार्च १९९३ रोजी, मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली आणि २५७ माणसे मेली. तो माल मुंबईत आला कसा? रायगडच्या किनाऱ्यावरून आला. ९ जानेवारी १९९३ रोजी दिघीच्या धक्क्यावर शस्त्रे उतरली. ट्रक निघाले. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी ते अडवले. अडवले, म्हणजे यंत्रणा झोपली नव्हती! मग भाव ठरला. रोकड पुरेशी नव्हती, म्हणून पोलिसांनी चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या आणि ट्रक सोडले. फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरले. टाडा न्यायालयाने पुढे सीमाशुल्क खात्याच्या एका अतिरिक्त समाहर्ता दर्जाच्या अधिकाऱ्याला आणि श्रीवर्धनच्या पोलिसांना शिक्षा ठोठावल्या. स्वाती इमारतीत झाडलेल्या सगळ्या गोळ्या एका पारड्यात घाला आणि दुसऱ्या पारड्यात त्या चांदीच्या विटा. मुंबई कुठल्या पारड्याने बुडाली, हे सांगायला न्यायाधीश लागत नाही.

आणि सोन्याची तस्करी? हाजी मस्तानच्या काळापासून ज्या धंद्यावर टोळ्या पोसल्या गेल्या, तो कोणत्या चकमकफेम अधिकाऱ्याने मोडला? कोणीच नाही. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, पुढे आयात खुली झाली आणि नफाच आटला. दिल्लीतल्या एका कारकुनी निर्णयाने जे केले, ते हजार गोळ्यांना जमले नव्हते. टोळ्यांनी मग मोर्चा खंडणीकडे आणि जमिनीकडे वळवला. बावीस-तेवीस वर्षांची जी पोरे त्यांना मिळाली, ती कुठून आली हेही सर्वांना ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने अडीच लाख गिरणी कामगारांच्या चुली विझवल्या. गिरणगावातल्या चाळींच्या जिन्यांवर बसलेल्या बेकार पोरांना सरकारने काहीच दिले नाही. अरुण गवळीच्या दगडी चाळीने घोडा दिला आणि पगार दिला.

चकमकींचे समर्थक म्हणतात की न्यायालये सावकाश चालतात, म्हणून गोळी. ठीक. त्या गोळीचा शेवट कुठे होतो ते लखनभैया प्रकरणात पाहा. ११ नोव्हेंबर २००६ रोजी पोलिसांनी लखनभैयाला वाशीतून उचलले आणि वर्सोव्यात 'चकमक' झाली. वकील असलेल्या भावाने पाठपुरावा केला म्हणून, नाहीतर तोही आकड्यात जमा झाला असता. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांना जन्मठेप दिली. साक्ष द्यायच्या काही दिवस आधी, मार्च २०११ मध्ये, प्रकरणातला महत्त्वाचा साक्षीदार गायब झाला आणि पुढे त्याचा जळालेला मृतदेह सापडला. २०१५ मध्ये राज्य सरकारने यातल्या अकरा पोलिसांच्या शिक्षेला स्थगिती देण्याचा पराक्रमही केला. उच्च न्यायालयाने तो पुसून टाकला. आणि मार्च २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने, आधी निर्दोष सुटलेले चकमकफेम पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही दोषी धरून जन्मठेप सुनावली. त्याविरुद्धचे त्यांचे अपील सर्वोच्च न्यायालयात आहे. हे शर्मा दरम्यान २०१९ मध्ये नालासोपाऱ्यातून विधानसभेची निवडणूक लढवून बसले होते. सुपारी घेऊन माणूस मारणारा आणि गणवेश घालून माणूस मारणारा यांच्यातली भिंत एकदा पाडली की मग कोण कोणाची टोळी, हे ओळखणे अवघड होते. २०२१ मध्ये तर मुंबईच्या माजी पोलीस आयुक्ताने गृहमंत्र्यांवर बारमालकांकडून दरमहा १०० कोटी गोळा करायला सांगितल्याचा आरोप केला, मंत्र्यांनी तो नाकारला, आणि काही महिन्यांत तोच आयुक्त खंडणीच्या गुन्ह्यात न्यायालयाकडून फरार घोषित झाला! पुढे तो हजर झाला, आदेश मागे घेतला गेला, सगळे स्थिरस्थावर झाले. सामान्य माणसाने खंडणीची तक्रार द्यायची ती कोणाकडे, एवढाच प्रश्न उरला.

पण याच राज्यात दुसरा रस्ताही चालून दाखवलेला आहे. मार्च २००७ मध्ये मुंबईत नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांचा घरात घुसून खून झाला. सुपारी तीस लाखांची. तिचा माग काढत तपास अरुण गवळीपर्यंत गेला. तेव्हा तो फरारी गुंड नव्हता, २००४ मध्ये चिंचपोकळीतून निवडून आलेला आमदार होता. मोक्का न्यायालयाने २०१२ मध्ये त्याला जन्मठेप दिली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वय आणि दीर्घ कारावास पाहून जामीन दिला, ते कायद्याप्रमाणे. या प्रकरणात चित्रपटाला लायक असे काहीच नाही. कागद, जबाब, पैशांचा माग, साक्षी, आमदारकीला न घाबरलेला तपास. दगडी चाळीवर वर्षानुवर्षे घातलेल्या छाप्यांनी जे झाले नाही, ते या रटाळ कागदांनी केले.

मोक्का हा १९९९ चा कायदा नीट वाचा. गृहखात्यानेही वाचावा. पोलीस अधीक्षकासमोरचा कबुलीजबाब पुराव्यात ग्राह्य, आरोपपत्राला १८० दिवस, जामीन जवळजवळ बंद, फोन ऐकण्याची मुभा: ही भयंकर कलमे पोलिसांना तोंडपाठ आहेत. दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे एवढी अट पुरी झाली की गल्लीतल्या भांडणालाही मोक्का चिकटवला जातो. त्याच कायद्यात कलम ४ आहे: टोळीवाल्याच्या वतीने हिशेब न देता येणारी मालमत्ता बाळगणाऱ्याला तीन ते दहा वर्षे. कलम २० आहे: मालमत्ता सरकारजमा. कलम १९ आहे: साक्षीदाराचे संरक्षण. आणि कलम २४ आहे. संघटित गुन्ह्याला कोणत्याही प्रकारे मदत करणाऱ्या, किंवा कायद्याने करायला हवी ती कारवाई न करणाऱ्या लोकसेवकाला तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे गोंडघर फाटा पुन्हा घडू नये याची तजवीज विधिमंडळाने केलेली आहे! वाचकहो, कलम २४ खाली एखाद्या साहेबाला तुरुंगात गेलेले तुम्ही शेवटचे कधी ऐकले?

या कलमांना गंज चढू दिला जातो, कारण ती वर चढतात. धिंड गल्लीत संपते. पैशाचा माग काढला तर तो पुनर्वसन प्रकल्पाच्या ठेकेदाराकडे, भूखंडाच्या सातबाऱ्याकडे, वाळूच्या ठेक्याकडे, नगरसेवकाच्या कार्यालयाकडे जातो. मन्या सुर्वे मारला गेला त्याच १९८२ साली इटलीत माफियाविरोधी खासदार पिओ ला तोरे यांचा पालेर्मोत खून झाला आणि त्या देशाने त्यांच्याच नावाने कायदा केला: माफियाची मालमत्ता जप्त. पुढे न्यायाधीश फाल्कोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या महाखटल्यात १९८७ मध्ये ३३८ जण दोषी ठरले. फाल्कोने आणि त्यांचे सहकारी बोर्सेलिनो दोघांनाही १९९२ मध्ये बॉम्बने उडवण्यात आले, तरी खटले थांबले नाहीत. जप्त झालेल्या वाड्यांत आणि शेतांत आज सहकारी संस्था काम करतात. पुण्यात एखाद्या भाईच्या जप्त बंगल्यात महापालिकेची अभ्यासिका सुरू झाली, अशी बातमी छापायला आमची शाई आसुसलेली आहे.

राजकारणी आणि गुन्हेगार यांचे साटेलोटे नवे नाही. मुंबईतल्या स्फोटांनंतर नेमलेल्या व्होरा समितीने १९९३ मध्येच लिहून ठेवले की माफियांचे जाळे जणू समांतर सरकार चालवत आहे. तो अहवाल संसदेत ठेवायला सरकारला १९९५ उजाडले, तोही जेमतेम डझनभर पानांचा. मध्यंतरी जे बदलले ते एवढेच की पूर्वी गुंडाच्या घरी रात्री जायचे, आता दिवसा जाऊन छायाचित्र काढतात. जानेवारी २०२४ मध्ये तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांचे चिरंजीव गजा मारणेच्या घरी जाऊन पुष्पगुच्छ स्वीकारून आले. वडिलांनी ते चुकीचे म्हटले, हे त्यांचे श्रेय. पण चौकाचौकातल्या फ्लेक्सवर 'भावी नगरसेवक' म्हणून ज्यांचे गॉगलधारी चेहरे झळकतात, त्यांच्या शेजारी कोणत्या नेत्याचे छायाचित्र असते ते वाचकांनी आपल्याच चौकात जाऊन पाहावे. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, ज्याला पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात, तो फ्लेक्स रोज पाहतो. तलवारीने केक कापतो, रील टाकतो. भाईला असेच वय हवे असते, कारण शिक्षा हलकी. कोयता त्याच्या हातात असतो आणि त्याच्या धिंडीने आपण सुखावतो.

मुंबईपुण्याची मक्तेदारीही आता संपली आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची छळ करून हत्या झाली. आरोपपत्राप्रमाणे मूळ कारण पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेली दोन कोटींची खंडणी. तीन दिवस आधी, ६ डिसेंबरला, प्रकल्पाच्या जागेवर मारहाण झालेली होती. म्हणजे केजच्या पोलिसांना वेळेची कमतरता नव्हती. ठाण्यातला एक फौजदार निलंबित झाला. मुख्य आरोपी वाल्मिक कराड हा तेव्हाच्या एका मंत्र्याचा निकटवर्ती. हत्येची छायाचित्रे बाहेर आल्यावर, मार्च २०२५ मध्ये, त्या मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. खटला मोक्का न्यायालयात आहे, निकाल न्यायालय देईल. पण परळी-केज पट्ट्यात राखेपासून पवनचक्कीपर्यंत प्रत्येक धंद्याला 'वाटा' लागतो, हे जिल्ह्यातल्या शेंबड्या पोराला माहीत असताना ठाण्यातल्या नोंदवहीत ते कसे उतरले नाही? ज्या कायद्याखाली कराडवर खटला चालतो, त्याच कायद्याच्या कलम २४ खाली ही नोंदवही कोणी तपासणार आहे का?

चकमकीत माणूस मेला तर स्वतंत्र तपास झाला पाहिजे, संबंधितांना तडकाफडकी बढत्या-पदके देऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मुंबईच्याच चकमकींच्या याचिकेवर सांगितले. पोलिसांच्या बदल्या मंत्र्यांच्या लहरीवर नकोत, तपासाची शाखा बंदोबस्तापासून वेगळी करा, असे २००६ मध्ये प्रकाशसिंह खटल्यात सांगितले. दिवसभर दहीहंडी आणि व्हीआयपी दौऱ्यांच्या बंदोबस्तात उभा राहिलेला फौजदार रात्री बेनामी व्यवहारांचे दस्त कसा वाचणार? त्याला दोष देण्यात आम्हाला रस नाही. ज्याने त्याला तिथे उभे केले, त्याला आहे.

म्हणून आमची मागणी मोघम नाही. गृहखात्याने पुढच्या अधिवेशनात प्रत्येक आयुक्तालयाचा आणि जिल्ह्याचा तक्ता सभागृहाच्या पटलावर ठेवावा: तीन वर्षांपूर्वी ज्यांना मोक्का लावला त्यांतले किती दोषी ठरले, किती सुटले, किती साक्षीदार फितूर झाले, कलम २० खाली काय जप्त झाले. फितूर साक्षीदारांच्या रकान्यापुढे कारण लिहावे. आणि १९९९ पासून आजवर कलम २४ खाली किती लोकसेवकांवर खटले भरले, हा एक तारांकित प्रश्न दोन्ही सभागृहांतल्या एका तरी सदस्याने विचारावा. सत्तेतला असो वा विरोधातला, ज्या सदस्याची हा प्रश्न लेखी द्यायची छाती होईल त्याचे नाव आणि मंत्र्यांचे उत्तर आम्ही पहिल्या पानावर, जाहिरात बाजूला सारून, छापू.